अठरा ताटं

गेल्या साली मका एकाच रांगेत लावला होता,
परसात, भिंतीकडेनं,
लुगड्याच्या काठागत सरळ.
कणसं सोलली तर आत
भरमाभाऊजींचं तोंड:
एक दात इथं, दोन तिथं.

दुंडव्वा भिंतीवरनं बघालती.
ती मक्याला गोविनजोळ म्हणते,
म्हणजे गाईचा जोंधळा.
गाय कुठं राहिली गं वडगावात, म्हटलं,
रस्त्यात बसतात तेवढ्याच.
ती म्हणाली, रांग नको, घोळका कर,
वाऱ्याला एकाचं दुसऱ्याला देता आलं पाहिजे.
अर्धं कानडीत म्हणाली, अर्धं हातानं.

औंदा संक्रांत सरल्यावर
सहा-सहाच्या तीन रांगा, दाटीनं.
मोरीचं पाणी वळवलं.
अळी आली, तेव्हा पोंग्यात राख सोडली,
चिमूट चिमूट, दुंडव्वाच्या बंबातली.
माझी चूल जाऊन वर्षं झाली.

मग तुरे फुटले,
आणि एका सकाळी कणसांना केस आले.
केस कसले, सूत ते.
ओलसर, पोपटी, बोटाला चिकटणारं.
चाळीस वर्षं कांड्या भरल्यात मी,
असलं बारीक सूत
कुठल्या शेठनं आणलं नव्हतं.

दुंडव्वाचा नातू शेतकीला आहे.
काकू, म्हणाला, एक धागा, एक दाणा.
धागा कोरडा राहिला की तिथं दाणा नाही.
मला सांगतोस, म्हटलं.
एक तार तुटली की कापडात रेघ उमटते
आणि शनिवारी पगारात दिसते.

तर रोज दव वाळलं की
तुरा वाकवून ताटलीत झाडायचा,
पिवळी पूड चिमटीनं प्रत्येक केसावर.
भाऊजींना वाटलं, पूजा चाललीय.
चप्पल काढून उभे राहिले बिचारे.

वळवानं चार ताटं आडवी केली.
उरलेल्यांची कणसं भरली, गच्च,
दुंडव्वाकडं सूप भरून गेली.

एकाच कणसात, वरच्या अंगाला,
बोटभर जागा मोकळी.
कितीदा फिरवून बघितलं.
मग दिवस मोजले.
त्या सकाळी टेम्पो आला होता.
माग किलोवर गेला,
पावती हातात घेऊन मी दारातच बसले,
परसाकडं गेलेच नाही.

ते कणीस कुणाला दिलं नाही.
उकडलं, मीठ चोळलं,
उभ्याउभ्याच खाल्लं.