गावातलं एकच कुलूप

आमच्या गावात दारं लोटलेली असतात, लावलेली नाहीत.
कोणीही येतं, बूट काढतं, किटली चढवतं
आणि मग हाक मारतं : रानव्हा, आहेस का घरात?
बंदराकडच्या लाकडी खोपीला तर
मुद्दामच फटी ठेवल्यात, वाऱ्यावर मटण वाळावं म्हणून.
वारा आत जातो, पाऊस बाहेर राहतो,
आणि आत काय टांगलंय
ते रस्त्यानं जाणाऱ्याला वासावरून कळतं.

अशा गावात मी मुलांच्या फायली सांभाळते.
कुणाच्या घरी रात्री आवाज चढतो,
कोण शाळेत उपाशी येतं.
फेरोच्या या बेटावर कुठलीच फाइल
परक्याची नसते.

ऑफिसचा लॅपटॉप ऑक्टोबरात बोटीनं दुरुस्तीला गेला.
आठवडाभर घरचाच वापर, असं ठरलं.
घरचा म्हणजे हा : झाकणावर पफिनचं स्टिकर,
कळांच्या फटींत बिस्किटाचा चुरा,
एन्टर होग्नीनं खेळून खेळून झिजवलेलं.

तोर्सहावनहून टोर्फिन्नुर फोनवर सांगत गेला, मी करत गेले.
कामाचं खातं वेगळं. डिस्क एन्क्रिप्ट.
पासवर्ड लांब, कुठेही लिहायचा नाही,
आणि एडक्याचं नाव तर मुळीच नको.
दोन मिनिटं उठलीस तरी स्क्रीन लॉक.
म्हटलं, दोन मिनिटांत माझ्या घरात
तीन माणसं येऊन जातात.
म्हणाला, म्हणूनच.

पण आदल्या संध्याकाळी, हे सगळं करण्याआधी,
नर्सनं पाठवलेला एक फोटो मी उघडून पाहिला होता.
तो निमूटपणे घरच्या अल्बमात जाऊन बसला.

रविवार. टीव्ही रिकामा होता,
आणि रिकामा टीव्ही आमच्याकडे आपोआप अल्बम दाखवतो :
लोकर कातरताना सासरे.
तळहातावर होग्नीचा पडलेला दात.
उन्हाळ्यातली बोट, तिरकी.
मग एक मनगट.
नुसतं मनगट. बोटांचे चार निळे वण,
शेजारी मापाची पट्टी.
मग पुन्हा मेंढ्या.

प्रत्येक फोटोला पाच सेकंद.
बटाटे सोलता सोलता सुरीसकट धावले,
रिमोट सापडेना, प्लगच उपटला.
सासूबाई विणकामातून मान वर न करता म्हणाल्या, वीज गेली का गं?
होग्नी सोफ्यावर, मांडीवर पुस्तक.
तो काळ्या पडद्याकडे बघत राहिला.
त्यात आता फक्त आम्हीच दिसत होतो.

रात्री फोटो पुसला. कचरापेटीतूनही पुसला.
अल्बमाची टीव्हीकडे जाणारी वाट तोडली.
ऑफिसला लेखी कळवलं : चूक माझी, तारीख, वेळ,
खोलीत कोण कोण होतं.
‘कोणी पाहिला?’ या रकान्यात लिहिलं, माहीत नाही.
नऊ वर्षांच्या पोराच्या डोळ्यांतून काही पुसता येत नाही,
आणि त्याला विचारावं
तर विचारणं म्हणजेच सांगणं.

शुक्रवारी शूर्दुर आला, नेहमीसारखा, दार न वाजवता.
गरम खोलीतही बाह्या तळव्यांपर्यंत ओढलेल्या.
होग्नी आधीच उठला होता.
टीव्हीचा प्लग त्यानंच काढला,
म्हणाला, बिघडलाय, चल, वर पत्ते खेळू.

सूप वाढताना पाहिलं :
मित्राला त्यानं भिंतीशी बसवलं होतं,
दुखरा हात आतल्या अंगाला येईल असा,
कुणाचाही धक्का लागणार नाही असा.
मी पाहतेय हे त्याला दिसलं.
त्यानं पाव मागितला.

ना तेव्हा काही बोलला, ना नंतर.
ताकास तूर नाही.

मी परत टेबलाशी आले तोवर
लॅपटॉप आपला काळा होऊन बसलेला.
वर पत्ते पिसल्याचा आवाज.
पासवर्ड टाकला, चौदा अक्षरं. कुठेतरी एक चुकलं.
पुन्हा टाकला.