मिठाच्या वहीबाहेरचं

मी भानू शेणवी. खारेपाटणच्या बंदरात
देसायांचं मीठ मोजतो.
खंडी, मण, पायली. बाकी जगाचं मला विचारू नका,
असं मी लोकांना सांगतो.

त्या साली फिरंग्यांचं एक तारू गिर्येच्या खडकावर फुटलं
आणि भरतीनं एक माणूस खाडीत आणून टाकला.
गाबतांनी त्याला जाळ्यासकट ओढला.
नाव लुक्शा. गाव रगुझा.
फिरंगी म्हटलं की थुंकायचा.
तोफा ओततो म्हणाला,
तेव्हा रुद्राजी देसायांनी त्याला जेवायला घातलं.

तोफेला धातू हवा.
रवळनाथाची घंटा उतरवली, भगवतीची उतरवली.
बायांनी समया दिल्या, काहींनी लपवल्या.
माझ्या आईनं तांब्या दिला
आणि आठ दिवस बोलली नाही.

रात्री भट्टीपाशी लुक्शा सांगायचा,
निम्मं फिरंगीत, निम्मं आमच्यात, उरलेलं हातांनी.
त्याच्या मुलखात, दोन-अडीचशे वर्षांमागं,
डोंगरावर एक घराणं होतं. ब्रिबिरचं.
पांढऱ्या दगडाचा गड, खाली समुद्र,
काठची गावं भावाभावांत वाटलेली,
फणस फोडून गरे वाटावेत तशी.
थोरल्याला बान म्हणत.
"म्हणजे देसाई?" रुद्राजींनी विचारलं.
"देसाई. पण राजा त्याच्या कनवटीला."
दर्यापलीकडून एक पोरगा आणून
त्यांनीच गादीवर बसवला होता.

रुद्राजी हसले. विजापूरच्या भांडणात
त्यांनीही एकाच्या बाजूनं पाचशे पायक धाडले होते,
आणि तोच आता पातशहा होता.

"मग?"
"मग बानाचा मुलगा बान झाला. शहरं ऐकेनात,
व्हेनिसच्या गलबतांकडे बघायला लागली.
बाकीचे सरदार एक झाले. सख्खा भाऊ त्यांच्यात.
लढाई हरला. तेव्हा राजानं बोलावलं,
ये, मी मिटवतो."
लुक्शानं भात्याची दोरी ओढली.
"मग?"
"मग काही नाही. गेला तो गेला."

धाकटे गोंदाजी तिथंच सुपारी कातरत बसले होते.
अडकित्ता थांबला नाही.

मला ठाऊक होतं ते एवढंच:
पौषापासून चाळीस खंडी मीठ
रात्रीच्या ओहोटीला फिरंग्यांच्या पडावांत चढलं होतं.
जकात नाही, पावती नाही,
गोंदाजींची नुसती मान हलायची.
मी वहीत लिहिलं, पाण्यानं विरघळलं.
मीठ विरघळतं. खोटं नाही.

शिमगा सरला आणि पन्हाळ्याहून खलिता आला.
भावाभावांचा वाद तोडून देऊ,
गडावर भेटीस यावे, कौल असे.
उत्तर मी लिहिलं. अक्षर माझं बरं आहे.
"हजर होतो" लिहिताना बोरू अडला.
रुद्राजी म्हणाले, काय झालं?
म्हटलं, शाई दाट झालीय.
त्यांनी स्वतः उठून दौतीत पाणी घातलं.

भोई घाट चढून गेले
आणि पंधरा दिवसांनी रिकामी पालखी घेऊन उतरले.
चालताना ती हलकी वाटत होती, एक जण म्हणाला,
आणि मग गप्प बसला.

गोंदाजींनी बंदरावर दुसरा बावटा चढवला.
दोन वर्षांत त्या बावट्याखाली उभं राहायला
त्यांनाही परवानगी लागू लागली.

तोफ झालीच नाही. साचा फुटला म्हणे.
फुटला की फोडला, कुणी विचारलं नाही.
धातू माझ्याच तागडीवर आला:
दोन घंटा, समया, एक तांब्या,
सव्वासात मण. फिरंग्यांनी रोख दिले.
आई अजून ओंजळीनं पाणी पिते.

जायच्या आदल्या दिवशी लुक्शाला विचारलं,
त्या बानाचा कुणी कारकून असेल ना रे?
तो खूप वेळ खाडीकडे बघत राहिला.
"असेल," म्हणाला. "कुणीतरी लिहितंच."

वही मिटायला हवी.
आज ओहोटी लवकर आहे,
पडाव भरायचेत.