रकाना सतरा

अष्टमी. भांगाचं पाणी.
सारसोळ्याच्या जेट्टीमागे भर दुपारी खाडी मागे सरली
तेव्हा मी गमबूट चढवले
आणि बामीबाईनं लुगडं जरा वर खोचलं, इतकंच.
चौथ्या पावलाला माझा डावा बूट चिखलानं ठेवून घेतला.
ती हसली नाही. हात दिला.
बूट तिच्या नातवानं नंतर ओढून काढला,
आत एक निवटी होती, जिवंत.

कंपनीनं मला दिलंय ते असं:
मीटरभर लांब पोलादी नळी, चौदा पिशव्या, मोजपट्टी
आणि अठरा रकान्यांचा तक्ता.
झाडाचा घेर छातीच्या उंचीवर घ्यावा.
कुणाच्या छातीच्या, ते लिहिलेलं नाही.
तिवराची छाती कुठे असते?
श्वास तर तो खालून घेतो,
चिखलातून वर काढलेल्या हजार बोटांनी.

नळी ठोकली, पिळली, उपसली.
काळा चिखल निघाला थरावर थर,
सडक्या अंड्याच्या वासाचा.
"यात कार्बन आहे," मी म्हणालो,
"झाडात नसेल एवढा. आजे-पणजांच्या वेळचा.
दूरदेशी एक विमान कंपनी आहे, मावशी.
तिला आपला धूर इथे पुरून ठेवायचाय.
त्याचं भाडं ती देणार."
बामीबाईनं बोट बुडवलं, वास घेतला.
"भारा? न डिपाझिट कवरा?"

सतरावा रकाना सगळ्यात महाग.
तिथे विचारायचं असतं:
आम्ही आलो नसतो,
तर तुम्ही हे तोडलं असतं का?

"कला तोरू?" ती म्हणाली.
"आपलेच दात आपुन पारतान क?"

मी पेन धरून उभा.
नाही लिहिलं तर हे रान आपोआप वाचलेलं.
आपोआप वाचलेल्याला कुणी पैसे देत नाही.
पैसे मिळतात न झालेल्या तोडीला,
आणि न झालेली तोड दाखवायची
तर हातात निदान एक कोयता हवा.
पलीकडच्या खाजणात
रात्री डंपरनं राडारोडा ओतणारा एक जण आहे
(नाव तक्त्यात आहे, इथे नको).
त्यानं छातीठोक हो म्हटलं.
त्याची छाती लगेच सापडली.

वाशीच्या ऑफिसात कारखानीस सर म्हणाले,
"हो लिही रे. त्यांच्याच भल्याचं आहे.
गरीब माणूस आज ना उद्या तोडणारच."
त्यांच्या टेबलावर कुंडीत एक झाड होतं.
त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

द्वादशीला, तीनच्या ओहोटीला, परत गेलो.
ती चिंबोऱ्यांच्या नांग्या सुतळीनं बांधत बसलेली.
"फक्त म्हणा, मावशी. तोडलं असतं, एवढंच म्हणा."
तिनं मान वर केली नाही.
"खोटा बोलाचा क भाव चाललाय?"
मी खरा आकडा सांगितला:
घरामागे, वर्षाला, कंपनीचा खर्च वजा जाता
अकराशे रुपये.
तिनं गाठ करकचून आवळली.
"एवऱ्यान त मी सुनंशी पन खोटा बोलनार नाय."

मग टोपली झाकली, आणि सहज विचारल्यासारखं:
"आमचा चिखल कवा परत देशील?"

पिशव्या भट्टीत होत्या.
साठ अंशांवर तीन दिवस,
वजन कमी कमी होत
एकेका काडेपेटीत मावेल एवढं.
हे तिला सांगायला मला मराठी सुचेना.
मी म्हणालो, चला, ते भोक बघू.

मला वाटलं होतं, गोल, उघडं, तसंच असेल,
माझ्या नावाचं.
पण त्यात एक खेकडी राहायला आली होती.
एक लाल नांगी तेवढी बाहेर,
आणि ती हलत होती,
ये म्हणत होती की जा,
तक्त्यात त्याला रकाना नाही.