सदतीस नंबरचा फ्यूज

ही गाडी बुडालेली आहे, बाई,
मी त्सियालाला पहिल्याच दिवशी सांगितलं.
सीटखालचा गालिचा उचलला तर
लुइझियानाचा चिखल, पिठासारखा वाळलेला,
आणि कुणा अनोळखी पोराची एक निळी गोटी.
तिकडे पूर येतो, विमावाले हात झटकतात,
जहाजातून गाड्या पोतीच्या बंदरात उतरतात
आणि इथे रुस्तावीच्या मैदानात
पॉलिश मारून उभ्या राहतात,
जशा काही पाण्याला कधी शिवल्याच नाहीत.

पंधरा वर्षांची. चामड्याच्या सीटा, अक्रोडाचं लाकूड,
गोंबोरीच्या चढावर गुरगुरणारं आठ सिलिंडरचं इंजिन.
वायरिंग मात्र आतून हिरवं पडलेलं.
डावा इंडिकेटर दिला की मागचा वायपर फिरतो.
रात्री दोन वाजता काचा आपणहून उतरतात,
सकाळी मागच्या सीटवर शेजाऱ्यांचं मांजर.
हवेवरचं सस्पेन्शन एका अंगावर बसतं, उंट बसावा तसं.
वर्षभरात तीन बॅटऱ्या.

तिच्या नवऱ्याने, गुरामने, ती घेतली तेव्हा
अख्ख्या गल्लीने त्याची वाइन संपवली.
पुढे त्याने तिच्यात किती ओतले
ते माझ्या वहीत आहे:
ब्रेकचा कंट्रोलर, अकराशे लारी.
कंप्रेसर, नऊशे, तोही जुनाच.
दर वेळी मी म्हणायचो, विकून टाक,
नाकापेक्षा मोती जड झालाय.
दर वेळी तो म्हणायचा, नोदार, नाक माझं आहे ना?
शेवटच्या ओळीपुढे दोनशे चाळीस बाकी.
ते मी मागितलेले नाहीत.
मागणारही नाही.
म्हणजे, अजून ठरवलेलं नाही.

फेब्रुवारीत ती एकटी आली, दुसऱ्याच्या ट्रकमागे दोरीने ओढत.
विकायची नाही, म्हणाली.
फक्त सकाळी सुरू व्हायला हवी.

रात्री वीज कोण पितं हे शोधायचं
तर आधी गाडीला झोप लागावी लागते.
दाराच्या कुलपात स्क्रूड्रायव्हर फिरवून
दार लागलंय असं तिला पटवायचं,
मीटर जोडायचा आणि थांबायचं. चाळीस मिनिटं.
एकेक डबा डोळे मिटतो. आकडा उतरत जातो.
पोलाद कारखान्याच्या धुराड्यामागे ऊन गेलं.
तिने पिशवीतून लोबियानी काढली, अर्धी मला दिली.
आम्ही भिंतीला टेकून खाल्ली,
घरात तान्हं मूल निजलं असावं
इतकं हळू बोलत.

तीस मिलिअँपियर हवेत.
मीटर सहाशे दहावर अडलेला.
आत कुणीतरी जागं होतं.

चिमट्याने एकेक फ्यूज उपटत गेलो.
रेडिओ नाही. छताची काच नाही.
सदतीसला आकडा एकदम अठ्ठावीसवर आला.
ड्रायव्हरच्या सीटची मेमरी.

बटण एक, गुराम.
एकशे नव्वद सेंटिमीटरचा माणूस.
दार उघडलं की सीट मागे सरायची, पाठ कलायची,
आरसे त्याच्या डोळ्यांना शोधत वर वळायचे.
आणि दार लावल्यावरही तो डबा
रात्रभर विचारत राहायचा,
आला का, आला का.

मी हिशेब मांडला.
नवा डबा जर्मनीहून, अठराशे, मजुरी वेगळी.
नाहीतर हा फ्यूज काढून ठेवतो.
त्याचे पैसे लोबियानीत फिटले.
पण मग सीट जिथे आहे तिथेच राहील.
कुठे ठेवू?

ती माझ्या खांद्यालाही लागत नाही.
तिने पेडलकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"एक दाबा."
मोटर कण्हली. सीट पार मागे गेली,
रुळाच्या टोकाला टेकली.
"आता काढा."

नखाएवढा असतो फ्यूज.
तिने तो पाकिटात ठेवला, नाण्यांच्या कप्प्यात.
मग पाठीमागे दोन उशा खोचल्या
(घरूनच आणल्या होत्या, हे माझ्या नंतर लक्षात आलं)
आणि चावी फिरवली. सुरू झाली.

कोपऱ्यावर तिने डावा इंडिकेटर दिला.
आभाळ कोरडं ठणठणीत.
मागचा वायपर फिरला, एकदा, दोनदा.
मीही हात हलवला.