मुंग्या आणि टाचण्या

रात्रपाळीच्या टेबलावर, तापाच्या तक्त्यांखाली लपवलेली
दोनशे पानी वही. आज पान त्र्याण्णव.
पिन्स अँड नीडल्स : पायाला मुंग्या येणे.
मी पेन्सिलीने समासात लिहिते,
त्यांच्याकडे टाचण्या आणि सुया.
आपल्याकडच्या निदान चालत येतात.

मंगळवारी, शुक्रवारी खाडी ओलांडून चरईत,
ओलिंडा मिसच्या माडीवर. खाली सायकलचं दुकान,
वर आम्ही सहा जणी, सगळ्या नर्स,
सगळ्यांना आयर्लंड.
मिस म्हणतात, तिथला म्हातारा बरं नाही असं म्हणणारच नाही,
म्हणेल, अंडर द वेदर.
म्हणजे हवेच्या खाली.
हवेच्या खाली तर सगळेच असतात मिस,
असं शाल्मली तांडेल म्हणाली
आणि पुढचा अख्खा तास तिला हसू आवरेना.

थ्रॉबिंग म्हणजे ठणका.
स्टॅबिंग म्हणजे चमक, किंवा कळ, वाक्य बघून.
नॉइंग, ह्यातला जी लिहायचा आणि गिळायचा,
उंदराने आतून कुरतडल्यासारखं.
मिस, ठुसठुस राहिली.
भणभण राहिली, शिणक राहिली, कणकण.
मिसनी चष्मा काढला, पदराने पुसला,
लिहा, म्हणाल्या, सगळ्यांना डल.
सल मी मग विचारलाच नाही.

कळव्याला, वॉर्डात, मी सराव करते.
बेड अकरा. ठमाआजी, खारेगावच्या.
ऑन अ स्केल ऑफ वन टू टेन, आजी?
त्या माझ्या तोंडाकडे बघतात,
जशी मीच पेशंट आहे.
दहापैकी किती दुखतंय, आजी?
शिस्टर, प्वाटान कालवतंय गो,
कोन हात घालून भात कालवतंय जसा.
किती पण?
रुपयान बारा आनं.
मी साडेसात लिहिलं.

पान एकशे बारा. ब्रेक द न्यूज.
बातमी मोडायची.
लग्न मोडतं, खोड मोडते, शंभराची नोट मोडतात,
आपण तर बातमी कानावर घालतो,
कानात तेल घालावं तशी, कोमट करून.
मिस म्हणतात, जेंटली मोडायची.
पास्ड अवे म्हणा. नो लाँगर विथ अस म्हणा.
किक द बकेट नातेवाइकांसमोर कधी, कधीच नाही.
बादलीचा आणि मरणाचा काय संबंध
ते मिसनाही माहीत नाही.

गुरुवारी पहाटे चार वीसला बेड अकरा.
डॉक्टरांनी वेळ लिहिली, सही केली, वर प्रसूतीकडे पळाले.
सून बाहेर चटईवर, पिशवी उशाला,
पिशवीतून स्टीलच्या डब्याचं झाकण दिसत होतं.
दारापर्यंत सात पावलं असतील.
तेवढ्यात सगळे शब्द आले, रांगेत,
उच्चारासकट, एकाचाही जी चुकला नाही.
ती जागीच होती.
शिस्टर, पेज आणलीय, गरम करून मिलंल का?
मी म्हटलं, बस जरा.
ती बसलेलीच होती.
मग मीही खाली बसले, युनिफॉर्मनिशी, फरशीवर,
आणि डब्याचं झाकण नीट लावलं.

परीक्षा एकोणीस तारखेला, नेरुळला.
ऐकण्याच्या पेपरात एक बाई आपलं पोट सांगेल,
चार पर्यायांतला एक निवडायचा.
जमेल मला. वहीची पानं संपत आलीत,
पाठीमागून उलटी सुरू केलीय.

फक्त उद्या मिसना विचारायचं आहे
कालवणं ह्याला काय म्हणतात.
त्या विचार करतील, चष्मा पुसतील,
आणि म्हणतील, चर्निंग.
तर सांगायचं,
चर्निंग ताकाचं, मिस.
हे भाताचं आहे.