चावी: परबताबाई गेडाम

खोली फुकट आहे.
फुकट म्हटलं की माणूस चपलेसकट आत येतो,
म्हणून पहिला नियम चपलांचा.
उकंडराव पेंटरनं भिंतीवर लिहिला,
साकोलीच्या बाजारातून आणलेल्या निळ्या रंगात.
अक्षरामागे पैसे ठरले होते,
तेव्हा सरपंचबाईंनी 'कृपया' सगळीकडून काढलं.
आता भिंत बोलते ती अशी:
झाडून द्या. पंखा बंद करा. सतरंजी घडी करा.
थुंकू नका.
नववा नियम 'जाताना' एवढ्यावरच थांबलाय.
रंग संपला की निधी,
उकंडराव सांगत नाही.

चावी माझ्या पदराला.
सोमवारी बचत गट. दोन आहेत,
दोघींना एका वेळी बसवत नाही.
हे भिंतीवर नाही, पण मला ठाऊक आहे
उषा लांजेवारची म्हैस कुणाच्या धानात शिरली होती.
बुधवारी ढिवरांची सोसायटी,
तलावाच्या लिलावावरून आवाज चढतात, टिनं हादरतात,
दुसऱ्या दिवशी सतरंजीला शिंगाड्याचा वास.
भरतीची पोरं पहाटेच दार वाजवतात,
त्यांना म्हणते, धावून आले, आधी पाय धुवा.
लग्नाला नाही. तेरवीला नाही.
पक्षाच्या मीटिंगला नाही, हे दोनदा लिहिलंय,
दोन्हीदा कुणीतरी खरवडलंय.

आणि सहावा: किमान पाच माणसं.
चार असाल तर बाहेर ओट्यावर बसा,
ओटा कुणाच्या बापाचा नाही.

मंडईच्या आधीच्या हप्त्यात
आडकूजी नेवारे आले, दंडार मंडळाच्या नावानं.
"रातची खोली पायजे बाई. तालीम हाय."
मंडळात कोण कोण, मी विचारलं.
त्यांनी रजिस्टर ओढलं, पेन झटकलं,
आणि एकाखाली एक पाच नावं लिहिली.
ढोलकीवाला फागू, तो गेल्या पोळ्याला गेला.
मनसाराम. कडू.
बाईचं काम करणारा तुळशीराम,
ज्याच्या लुगड्याला आम्ही पोरी हसायचो
आणि घरी येऊन तशाच निऱ्या घालून बघायचो.
शेवटी स्वतःचं, सहीसकट.
वरच्या चौघांपुढे सहीची जागा कोरी.

मी भिंत पुन्हा वाचली.
मेलेल्यांबद्दल तिच्यात काही नव्हतं.
अक्षरामागे पैसे, कोण लिहील.

चावी दिली.
म्हटलं, दहाच्या आत बंद करा,
बाजूच्या घरी बाळंतीण आहे.

जेवून ओट्यावर येऊन बसले.
आतून एकच आवाज,
राजाचा जाड, वजिराचा घोगरा,
आणि मधे मधे नुसतं थांबणं,
समोरच्याचं बोलणं संपेस्तोवर.
एक थांबणं फारच लांबलं.
तुळशीरामचं असेल.
तो नेहमी विसरायचा.

सकाळी खोली झाडलेली, पंखा बंद.
सतरंजीची घडी मात्र
एकट्या माणसानं घातलेली,
वाकडी, एक कोपरा बाहेर लोंबता.
सरपंचबाई रजिस्टर चाळत म्हणाल्या,
"पाच होते ना?"
मी म्हटलं, चपला नाही मोजल्या.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कोऱ्या रकान्याकडे.
रजिस्टर मिटलं,
आणि सतरंजीचं एक टोक उचललं.
दुसरं मी धरलं.