फक्कीची रेघ

दोंडाईच्याचं फाटक पडलं
की आधी मिरची बोलते.
मार्केटला निघालेले ट्रक, पोत्यांची तोंडं सैल,
आणि दोनशे माणसं एकदम शिंकतात
भुसावळकडून येणाऱ्या मालगाडीला.
मी डबे मोजतो. एकोणसाठ. सगळे रिकामे.

गाडी जाते. फाटक उघडतं.
आम्ही उघडत नाही.
इकडून आम्ही अख्खा रस्ता भरून,
तिकडून ते अख्खा रस्ता भरून,
रुळांवर नाकाला नाक,
मानपानावरून अडलेले दोन व्याही जसे.

उड्डाणपूल मंजूर आहे.
तसा बोर्ड आहे.
बोर्डावर पंक्चरवाला ट्यूबा वाळत घालतो.

त्या बोर्डाखाली एका पहाटे
निंबा देसले सर आले,
शाळेतून निवृत्त, पी.टी.चे,
कॅरिअरला फक्कीची गोणी, गळ्यात शिट्टी.
कबड्डीचं मैदान आखावं
तशी डांबराच्या मधोमध रेघ ओढली,
फाटकाच्या अलीकडे शंभर पावलं, पलीकडे शंभर.

दहापर्यंत चाकांनी ती पुसली.
दुसऱ्या पहाटे परत.
लोक म्हणाले, म्हाताऱ्याला ऊन लागलं.
हवालदार म्हणाला, परवानगी?
सर म्हणाले, मैदान आखायला कसली परवानगी?

नवव्या दिवशी एक पांढरी गाडी,
काचेवर कुठलासा झेंडा,
रेघ ओलांडून थेट पुढे.
सरांनी बोनेटवर थाप मारली,
"रेघ दखास ना तुले?
बाद शे तू. मांगे सरक."

काच खाली आली. आतला माणूस हसला.
सरांच्याच संघातला, डावा कोपरा धरायचा.
त्याने गाडी मागे घेतली,
म्हणून त्याच्या मागच्याने,
म्हणून त्याच्याही मागच्याने,
शिव्या देत, शिंकत
पार पेट्रोलपंपापर्यंत रांग सरकली.

त्या दिवशी फाटक उघडलं
आणि चार मिनिटांत रस्ता मोकळा.
सर तिथेच उभे, शिट्टी तोंडात,
वाजवायला कोणी उरलं नाही.

आता त्यांचे गुडघे गेलेत.
फक्की मी टाकतो,
सोमवारी, माल उतरवून येताना.
माझी रेघ सरळ येत नाही,
चहाच्या टपरीपाशी वाकतेच.

आणि खरं सांगतो,
घाई असली, कोणी बघत नसलं,
की माझ्याच टेम्पोचं पुढचं चाक
हळूच तिच्यावर जातं.
नाक हुळहुळतं.
शिंक येण्याआधी
मी वीतभर मागे घेतो.